डाव्या हातातला लेहरा

रेकॉर्ड सुरू होते आणि पहिल्या पाच सुरांतच श्रोत्यांमधले काही जण हसतात. हसणं दबकं आहे, पण टेपवर उतरलेलं आहे. तारीख २४ जानेवारी १९७५, रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेले. जर्मनीतल्या कोलोन शहराचं ऑपेरा हाऊस, मंचावर एक पियानो आणि त्याच्यापुढे एकोणतीस वर्षांचा अमेरिकन वादक कीथ जॅरेट. हसण्यासारखं तो काय वाजवतो? प्रयोग सुरू होण्याआधी लोकांना आत बोलावण्यासाठी त्या नाट्यगृहात घंटेची जी धून वाजते, ती. पेटीवर पांढरी पाचचा सा धरला तर सा-प-म-सा-रे. थोड्याच वेळापूर्वी बाहेरच्या दालनात कानावर पडलेली धून आता पियानोतून येतेय म्हटल्यावर लोकांना गंमत वाटली. तिथून पुढे सहासष्ट मिनिटं जे वाजलं ते ‘द कोलोन कॉन्सर्ट’ या नावाने दोन एलपींवर निघालं आणि त्याच्या ३५ लाखांहून अधिक प्रती खपल्या. एकट्या पियानोची सर्वांत जास्त खपलेली रेकॉर्ड म्हणून ती ओळखली जाते.

या रेकॉर्डीवर जगभरातल्या श्रोत्यांचा जीव आहे. खुद्द वादकाचा तिच्यावर तेवढा जीव कधीच नव्हता. ही फारकत मला पियानोच्या प्रसिद्ध गोष्टीपेक्षा जास्त विचार करण्याजोगी वाटते. पण गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, तेव्हा आधी ती.

कार्यक्रम भरवणारी मुलगी होती व्हेरा ब्रांडेस. वय अठरा. देशातली सर्वांत तरुण कार्यक्रम-आयोजक म्हणून तिचं नाव झालेलं. कोलोनच्या ऑपेरा हाऊसमध्ये त्याआधी जाझचा कार्यक्रम कधी झाला नव्हता. व्यवस्थापनाने तिला वेळ दिली ती रात्रीच्या ऑपेराचा प्रयोग संपल्यानंतरची, म्हणजे साडेअकराची. तिकीट चार मार्क. चौदाशेच्या वर लोक आले आणि सभागृह भरलं. जॅरेटने मागितला होता बोसेनडॉर्फर कंपनीचा ‘इम्पीरियल’ पियानो. नेहमीच्या पियानोला ८८ पट्ट्या असतात, याला ९७. खर्जाच्या बाजूला नऊ जास्त. लांबी जवळजवळ तीन मीटर. नाट्यगृहाच्या कामगारांनी मंचावर आणून ठेवला तोही बोसेनडॉर्फरच, पण कितीतरी लहान, तालमींना वापरला जाणारा. वरच्या सप्तकात आवाज पत्र्यासारखा, खर्जात दम नाही, पायातले पेडल नीट चालत नाहीत, आणि सूर उतरलेले.

जॅरेट दुपारी उशिरा पोचला. ईसीएम या रेकॉर्ड कंपनीचा मालक मानफ्रेड आयशर याच्या छोट्या रेनॉ मोटारीतून दोघे झुरिकहून आले होते. जॅरेटची पाठ दुखत होती, कमरेला पट्टा होता, आधीच्या रात्री झोप झालेली नव्हती. त्याने पियानो वाजवून पाहिला आणि सांगितलं की यावर होणार नाही. दुसरा पियानो आणायला वेळ नव्हता आणि बाहेर पाऊस होता. ब्रांडेसने पुढे अनेकदा सांगितलंय त्याप्रमाणे ती पावसात मोटारीजवळ उभी राहिली आणि त्याची मनधरणी केली. तो कबूल झाला. पियानो दुरुस्त करणाऱ्यांनी काही तास खपून सूर लावले, पण लहान पियानोचा मोठा काही करता येत नाही. ध्वनिमुद्रणाची माणसं आधीच येऊन बसली होती, यंत्रं लावून झाली होती. आता आलोच आहोत तर टेप फिरवू, असा तो निर्णय. मार्टिन वीलांड या ध्वनिमुद्रकाने दोन नॉयमन मायक्रोफोन लावले आणि टेप सुरू केली.

ही गोष्ट आता व्यवस्थापनाच्या शिबिरांतून सांगितली जाते. अडचण हीच संधी वगैरे. त्या शिबिरवाल्यांना मी हात जोडतो. आयशरचं मत असं की पियानो चांगला नव्हता म्हणूनच जॅरेटने तसं वाजवलं. त्या आवाजाच्या प्रेमात पडणं शक्य नव्हतं, मग त्याने दुसरी वाट शोधली. वरचं सप्तक पत्र्यासारखं म्हणून तो मधल्या पट्ट्यांत राहिला, खर्ज पोकळ म्हणून डाव्या हाताने तेच तेच पुन्हा ठोकत राहिला. यात तथ्य आहे. पण १९७३ साली ब्रेमेन आणि लोझान इथे, चांगल्या पियानोंवर केलेल्या त्याच्या मैफलींची तीन एलपींची पेटी कोलोनच्या आधीच निघालेली होती, आणि तिच्यातही डावा हात असाच एक आवर्तन धरून बसलेला अनेकदा सापडतो. माइल्स डेव्हिसच्या वाद्यवृंदात १९७०–७१ मध्ये विजेच्या कीबोर्डवर काम केल्यानंतर जॅरेटने वीज सोडली होती आणि एकट्याने, काहीही न ठरवता, पूर्ण मैफल वाजवायचा घाट घातला होता. कोलोनच्या पियानोने त्याच्या सवयीला आणखी एका बाजूला ढकललं, इतकंच म्हणता येईल.

ढकललं कुठे, ते नीट ऐकण्यासारखं आहे. पहिला भाग सव्वीस मिनिटांचा. त्यातली सुमारे बारा मिनिटं तो दोनच कॉर्डांवर काढतो, ए मायनर सेव्हन आणि जी मेजर. म्हणजे डावा हात पांढरी सहा आणि पांढरी पाच यांच्यामध्ये ये-जा करतो, बस. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला आठेक मिनिटं पांढरी दोनवर मुक्काम. जाझच्या कानांना हे जवळजवळ आळशीपणाचं वाटावं. त्या संगीतात कॉर्ड बदलत राहणं ही वादकाची अक्कल समजली जाते. आणि त्या काळी जाझचे काही जाणते लोक या रेकॉर्डीबद्दल नाक मुरडत होते ते काही उगाच नाही.

पण हाच डावा हात आमच्या गावी वेगळा ऐकू आला. पुण्याजवळच्या आमच्या भूगावात दरवर्षी हरिनाम सप्ताह बसतो. आता तर चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागलं की बावधनपासून पिरंगुटपर्यंत इमारतीच इमारती. पण सप्ताहात पेटी अजून हातानेच वाजते. तिथली एक जुनी पेटी मी जवळून पाहिली आहे. भात्याला चिकटपट्टी, आणि मधल्या सप्तकातला एक सूर कायमचा बसलेला. वाजवणारे बुवा त्या पट्टीकडे बोट नेतच नाहीत. अभंगात तो सूर आला की खालच्या सप्तकातला दाबतात, किंवा शेजारच्या सुरावर थोडं जास्त थांबून पुढे सरकतात, आणि टाळाच्या गजरात कुणाच्या लक्षातही येत नाही. त्याच बुवांना मी मोबाइलवर कोलोनचा पहिला भाग लावून दिला. पियानो, जर्मनी, काही सांगितलं नाही. तीन-चार मिनिटं ऐकून म्हणाले, “डावा हात लेहरा धरून बसलाय. उजवा सोलो वाजवतोय. मग तबलजी कुठंय?” थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, “पाय आपटतोय की.”

लेहरा हाच शब्द पाहिजे होता. तबल्याच्या एकल वादनात पेटीवाला किंवा सारंगीवाला एकच ओळ तासभर फिरवत राहतो, तिच्यात काही बदलायचं नसतं. बदल ऐकू यावा म्हणून ती स्थिर असते. जॅरेट दोन्ही कामं एकटा करतो. डाव्या हाताने लेहरा, उजव्या हाताने विस्तार, आणि ताल पायाने. तो खरंच पाय आपटतो, कण्हतो, मधेच बसल्या जागेवरून अर्धवट उठून गातोही. हे सगळं टेपवर आहे. बाहेरचा कुणी अभिजन श्रोता त्या कण्हण्याला वैतागतो. वसंतरावांच्या किंवा मल्लिकार्जुन मन्सुरांच्या मैफलींवर पोसलेल्या माणसाला त्यात वैतागण्यासारखं काही दिसत नाही.

आता प्रश्न असा की अशी रात्र जपून ठेवता येणं आपल्याकडे कधी सुरू झालं? कारण एकट्या माणसाने रात्रभर पियानो वाजवणं महाराष्ट्राला १९७५ साली नवीन नव्हतं. मुंबईत ते चाळीस वर्षं जुनं होतं, फक्त त्याची टेप नव्हती.

१९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाने आपला वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आणला. त्याच्या मागोमाग आले ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड. वेदरफर्ड हा मोठा माणूस. जन्म १९०३ चा, व्हर्जिनियातला. विशीत शिकागोमध्ये नाव कमावलं आणि १९२६ साली आशियाकडे निघून आला. शांघाय, मुंबई, कोलंबो, कलकत्ता. अमेरिकेत राहिला असता तर कदाचित जाझच्या प्रत्येक इतिहासात त्याचं पान असतं. आज त्याचा उल्लेख तळटीपेत सापडतो. ताजच्या बॉलरूममध्ये हा माणूस नाचणाऱ्यांसमोर रोज रात्री वाजवत होता. गोव्याहून आलेली पोरं त्याच्या आणि स्मिथच्या हाताखाली जाझ शिकली. चिक चॉकलेट या नावाने पुढे गाजलेले अँतोनियो झेवियर वाझ, फ्रँक फर्नांड, ही मंडळी त्याच काळातली. १९३७ साली वेदरफर्ड पॅरिसला गेला आणि तिथे त्याने एकट्या पियानोच्या काही तबकड्या केल्या. म्हणजे मुंबईत रोज वाजवणाऱ्या या वादकाचा एकट्याचा हात ऐकायचा तर पॅरिसच्या स्टुडिओत झालेली तीन-तीन मिनिटं ऐकावी लागतात. ताजमध्ये तो रात्री बारानंतर, गर्दी पांगल्यावर काय वाजवत असेल, ते ऐकणाऱ्यांबरोबर गेलं. १९४५ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याला पटकीने तो वारला, वय एकेचाळीस.

तीन मिनिटं हा त्या काळचा कायदाच होता. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला तेवढंच मावायचं. १९०२ साली गौहर जानने कलकत्त्यात पहिल्या तबकड्या दिल्या तेव्हापासून आपल्या गायकांनी तीन मिनिटांत राग मांडायची स्वतंत्र कला कमावली. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या हे त्याचं सर्वांत सुंदर उदाहरण. पण तबकडीवर श्रोता नसे. खोकला नसे, दाद नसे, चुकून लागलेला आणि मग सांभाळून घेतलेला सूर नसे. स्टुडिओत लाल दिवा लागला की गायचं, विझला की थांबायचं.

पट्टीच्या वाद्यांशी आपलं भांडणही याच काळातलं. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, ती साधारण तीस वर्षं टिकली. कारण दिलं जाई ते असं की पेटीत मींड नाही, श्रुती नाहीत, पट्टी दाबली की ठरलेला सूर निघणार. आक्षेप खरा आहे आणि पियानोला तर तो दुप्पट लागू आहे, कारण पियानोचा सूर दाबल्याक्षणी विझायला लागतो. गंमत अशी की बंदीच्या त्या तीस वर्षांत महाराष्ट्रात पेटी कुणी खाली ठेवली नाही. नाट्यसंगीतात ऑर्गन, भजनात पेटी, मैफलीत पेटी. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर यांचं एकल पेटीवादन लोक तिकीट काढून ऐकत. पु. ल. देशपांडे पेटीवर बसले की मैफलीला रंग चढे. आकाशवाणीचं शास्त्र एका बाजूला राहिलं आणि लोकांचे कान दुसऱ्या. त्यामुळे ठरलेल्या सुरांच्या वाद्यातून विस्तार कसा करायचा, कुठे घसरल्याचा भास निर्माण करायचा, हे मराठी श्रोत्याला जॅरेटच्या आधीपासून पाठ होतं.

मुंबईच्या जाझचं पुढे काय झालं ते थोडक्यात: १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हॉटेलांतल्या नाचरात्रींची रया गेली आणि वादक सिनेमात गेले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी चिक चॉकलेटला हाताशी धरलं आणि १९५१ च्या ‘अलबेला’त तो पडद्यावरही दिसला. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपले वादक पाठवत राहिलं. १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेक आला आणि मुंबईत सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर बसला, १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन आला. दोघेही पियानोवादकच. लोक ऐकून भारावले.

दरम्यान एक यंत्र घरात शिरलं होतं. स्पूलचा टेपरेकॉर्डर. ग्रुंडिगचं ते जड धूड साठच्या दशकात पुण्या-मुंबईतल्या सधन घरांत दिसू लागलं आणि दिवाणखान्यातल्या मैफलींची गणितंच बदलली. आता यमन तासाचा असेल तर तासाचा जपता येत होता. टेप संपत आली की यजमान अस्वस्थ होई, स्पूल बदलताना दोन-तीन आवर्तनं जायची, आणि पुढे तीस वर्षं ऐकणारे त्या गेलेल्या आवर्तनांबद्दल हळहळत. १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मृतीसाठी सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव रात्ररात्र चाले, पहाटेचे राग पहाटे ऐकायला मिळत, आणि मंडपात टेप फिरत. मग कॅसेट आली. पुण्याच्या कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाऊसने मैफलींची ध्वनिमुद्रणं रीतसर कॅसेटवर काढली आणि स्टुडिओबाहेरचं गाणं विकत मिळू लागलं. त्याखेरीज हातोहात फिरणाऱ्या प्रती होत्याच, त्यांचा हिशेब कुणी ठेवला नाही. प्रतीची प्रत, तिची प्रत; दर पिढीला फुसफुस वाढत जाई. तिसऱ्या-चौथ्या प्रतीत गायकापेक्षा पंखा मोठ्याने ऐकू येई, तरी माणसं जिवापाड सांभाळत. कलाकारांना हे नेहमीच पसंत होतं असं नाही. कित्येकांना टेप चालू दिसली की गाणं आखडतं घ्यावंसं वाटे. श्रोत्याचं प्रेम आणि कलाकाराची मर्जी यांचा झगडा आपल्याकडे असा जुना आहे.

कोलोनच्या टेपची कथा या बाबतीत उलट दिशेने सुरू होते. तिथे कंपनी होती, करार होता, यंत्रं उत्तम होती. म्यूनिकमध्ये १९६९ साली आयशरने काढलेल्या ईसीएमची ख्यातीच मुळी आवाजाच्या स्वच्छतेसाठी. १९७५ च्या अखेरीस रेकॉर्ड निघाली. कॅटलॉगचा क्रमांक १०६४/६५. मुखपृष्ठावर पांढऱ्या पार्श्वभूमीवर पियानोपुढे मान खाली घातलेला जॅरेट. जाझ न ऐकणाऱ्यांनी ती घेतली. विद्यार्थ्यांनी घेतली, वसतिगृहांत वाजली, कॅफेंत वाजली, आणि तोंडोतोंडी पसरत गेली. निकोलस रोग या दिग्दर्शकाने १९८० च्या ‘बॅड टायमिंग’मध्ये तिचा उपयोग केला. इटलीच्या नान्नी मोरेत्तीने १९९३ च्या ‘कारो दियारियो’त कवी-दिग्दर्शक पासोलिनीचा खून जिथे झाला त्या जागेकडे स्कूटरवरून जातानाचा लांबलचक प्रवास दाखवला, आणि त्यावर एकही शब्द न बोलता कोलोनची ही रेकॉर्ड लावली. हा प्रसंग पाहून रेकॉर्ड शोधणारे कितीतरी.

आपल्याकडे त्या काळात परदेशी एलपी सहज मिळत नव्हती. कुणी बोटीवर नोकरीला, कुणाचा भाऊ अमेरिकेत शिकायला, त्यांच्या बॅगेतून यायची. काळाघोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये, १९४८ साली सुरू झालेलं आणि २०१६ साली बंद झालेलं ते दुकान, ऐकण्याच्या खोल्यांत उभं राहून कॉलेजातली मुलं कान तयार करत. १९७८ मध्ये निरंजन झवेरींनी मुंबईत ‘जाझ यात्रा’ सुरू केली. धोबी तलावाच्या रंगभवनात, उघड्यावर, पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनचा बादशहा सनी रोलिन्स वाजवून गेला. ज्यांनी तो महोत्सव ऐकला ते अजून त्याच्याबद्दल सवाईबद्दल बोलावं तसं बोलतात, कोण कधी बसलं, किती वाजले, पुढे काय झालं.

ईसीएमची वाट मुंबईतून जाते हे मात्र कमी जणांच्या लक्षात असतं. जॅरेटच्या युरोपीय चौकडीतला नॉर्वेचा सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक झाकीर हुसेन यांच्या १९८७ च्या ‘मेकिंग म्युझिक’मध्ये हरिप्रसाद चौरसिया आणि जॉन मॅकलॉफ्लिन यांच्याबरोबर वाजवतो, आणि ती रेकॉर्ड ईसीएमचीच. त्याच वर्षी त्याच कंपनीच्या ‘इकोटोपिया’त ओरेगॉन या वाद्यवृंदाबरोबर तालवाद्यांवर होते त्रिलोक गुर्टू. आई शोभा गुर्टू, बेळगावच्या, ठुमरी-दादऱ्याच्या राणी. १९८८ च्या ‘उस्फ्रेत’ या मुलाच्या रेकॉर्डवर त्या स्वतः गायल्या आहेत. घरात ठुमरी ऐकत वाढलेला मुंबईचा मुलगा जर्मनीत जाझ वाजवतो आणि आई त्याच्या सुरांवर येऊन बसते, यात मला तरी कुठे सांधा दिसत नाही.

जॅरेटचं काय? यशानंतर तो त्याच वाटेवर आणखी पुढे गेला. १९७६ च्या नोव्हेंबरात जपानच्या पाच शहरांत, क्योटो, ओसाका, नागोया, टोकियो आणि साप्पोरो इथे केलेल्या एकल मैफली दहा एलपींच्या पेटीत निघाल्या. दहा एलपी! पियानो उत्तम, तब्येत उत्तम. माझ्या मते क्योटोची मैफल कोलोनपेक्षा सरस आहे, आणि हे म्हणणारा मी पहिला नाही. पण जपानची ती पेटी घरी असलेला माणूससुद्धा रात्री लावतो कोलोनच. जॅरेटला याचा त्रास होत असावा. कोलोनबद्दल विचारलं की तो कोरडेपणाने बोले. तिची स्वरलिपी छापायची मागणी वर्षानुवर्षं होत होती, तो नाही म्हणत राहिला. एका रात्री उत्स्फूर्त झालेलं आणि तिथेच संपावं असं ते वादन होतं, हे त्याचं म्हणणं. अखेर १९९१ साली शॉट या जर्मन प्रकाशनाने ती काढली, तीही एका तंबीसह: वाजवणाऱ्याने अंतिम शब्द रेकॉर्डचा मानावा, कागदाचा नाही. आपल्याकडे भातखंड्यांच्या पोथ्या हातात असूनही गुरू काय सांगतात? पोथी बघ, पण गाणं ऐक.

त्याच्या अटीत एक हट्ट आहे आणि एक पराभवही. ज्या रात्री त्याला मनासारखं वाद्य मिळालं नाही, झोप नव्हती, पाठ दुखत होती, ती रात्र लोकांनी त्याच्या नावावर कायमची लावून दिली. २०१८ साली त्याला दोनदा पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू गेली. २०२० मध्ये त्याने हे जाहीर केलं. मैफली बंद झाल्या. २०२५ मध्ये, घटनेला पन्नास वर्षं झाली तेव्हा, त्या रात्रीवर ‘कोलोन ७५’ हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात आला. त्याची नायिका आहे आयोजक व्हेरा ब्रांडेस. म्हणजे आता तर वादकही बाजूला सरकला आणि मैफल भरवणारी पुढे आली. हे मला बरं वाटतं. सवाईच्या किंवा कुठल्याही गणेशोत्सवाच्या मांडवात सतरंज्या घालणाऱ्यांवर कुणी सिनेमा काढत नाही.

एक गोष्ट राहिली. रेकॉर्डची चौथी बाजू फक्त सात मिनिटांची आहे. पहिल्या तीन बाजूंवर लांब वादन आणि चौथीवर एक लहानसा तुकडा, ‘वन्स मोअर’नंतरचा. श्रोत्यांचा सर्वांत लाडका भाग बहुधा हाच. पियानो शिकणारी मुलं कोलोनमधलं काही वाजवून दाखवायचं तर हेच घेतात. आणि नेमका हा भाग उत्स्फूर्त नाही. ही जॅरेटची आधीची रचना, ‘मेमरीज ऑफ टुमॉरो’ या नावाची. संपूर्ण मैफल आयत्या वेळी सुचलेली, अशी जी आख्यायिका आहे तिला या सात मिनिटांनी टाचणी लागते. काही भक्तांना हे कळलं की वाईट वाटतं. ख्याल ऐकणाऱ्याला का वाटावं? बंदिश आधीचीच असते, कधी दोनशे वर्षं आधीची. एक तास विस्तार झाल्यावर गवयाने भैरवीची ठरलेली चीज घेतली म्हणून कुणी उठून जात नाही, उलट घरी निघालेले लोक चपला हातात घेऊन परत बसतात.